नाना टीव्ही बघतात, घेत नाहीत

टीव्हीच्या दुकानासमोर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. गिऱ्हाईक खोकं घेऊन जातं आणि महिन्याभरात किस्सा घेऊन परत येतं. टीव्ही बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. किस्सा बिघडला तर तो आमच्या बाकावर येतो. आम्ही तो दुरुस्त करत नाही, जास्त बिघडवून परत पाठवतो!

आम्ही म्हणजे चौघं. मधू दुकानाचा मालक, फैजपुरातला. भिंतीवर त्याने तीन टीव्ही ओळीने लावलेत, एलईडी, क्यूएलईडी आणि ओएलईडी, आणि तिघांवर दिवसभर एकच चित्र चालू. गिऱ्हाइकाने मान डावीकडून उजवीकडे फिरवायची आणि उजवीकडचा महागडा घ्यायचा, असा त्याचा हिशोब. दुसरा सलीम. फायबरची जोडणी करतो, अंगाने एवढा जाड की खांबावर चढला की खांबच नमस्कार करतो. तिसरा मी, अप्पा. सातवीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणाले, "बाळा, तू आता घरीच बस." मग केबलचा धंदा केला. एके काळी अर्ध्या गावाच्या गच्च्यांवरून माझी काळी वायर गेलेली होती. आता तिच्यावर लोक टॉवेल वाळत घालतात.

आणि चौथे वसंतनाना. केळीवाले. रोज दुपारी मोटारसायकल लावायची, बाकावर बसायचं आणि तिन्ही टीव्ही संध्याकाळपर्यंत बघायचे.

नानांच्या पत्नी सुमनअक्का गेल्यापासून हे सुरू झालं. पुण्याचा मुलगा प्रवीण फोनवर मागे लागला होता, "बाबा, जुना टीव्ही काढा, जुनं नेट काढा, नवीन फायबर घ्या, सगळं एकातच मिळतं." नाना म्हणायचे, "पाहू दे ना भो, मले कुठी घाई हाये? पिक्चर कॉलिटी पाहू ऱ्हायलो." खरं कारण आम्हा तिघांना ठाऊक होतं. जुन्या टीव्हीवर ते मालिकांचं ॲप उघडलं की 'कोण बघतंय?' असं विचारतं आणि खाली दोन गोल येतात. एकात 'वसंत', एकात 'सुमन'. नवीन कनेक्शन म्हणजे नवीन खातं. दुसरा गोल जाणार.

म्हणून नाना टीव्ही बघत होते, घेत नव्हते.

* * *

नशिराबादचे एक पाटील ओएलईडी घेऊन गेले. मधूने त्यांना अंधाऱ्या खोलीत जळणाऱ्या दिव्याचं चित्र दाखवलं होतं. "पाटील, एलईडीचा काळा म्हणजे राखुंडी. मागे बत्ती चालूच असते ना! याचा काळा म्हणजे काळा. जिथे अंधार, तिथे पडदाच बंद." पाटील खूश.

पंधरवड्याने पाटील परत आले. "मधूभाऊ, हा बदलून द्या."

"का? चित्र चांगलं नाही?"

"चित्र एक नंबर. पण पिक्चरमध्ये अंधार झाला की आमचे वडील दिसतात."

मधूचं तोंड उघडंच राहिलं. मी विचारलं, "वडील कुठे असतात?"

"वारले. सोफ्याच्या मागच्या भिंतीवर फोटो आहे, हार घातलेला."

मी पोट धरून हसलो. पडदा आरशासारखा काळाभोर, त्यात मागच्या भिंतीवरचा फोटो दिसणारच! मधूने त्यांना साधा एलईडी दिला, चमक नसलेला. पाटील गेले. पुढच्या बाजाराला केळीच्या गाडीबरोबर दिसले, तर डोळ्यांखाली काळं.

"काय पाटील, आता वडील दिसत नाहीत ना?"

"नाही दिसत," पाटील म्हणाले. "तेच तर. आधी निदान ते भिंतीवरच आहेत एवढं कळत तरी होतं."

* * *

माझ्या मोबाइलच्या डोक्यावर एक बारीक डोळा आहे. त्यात रिमोटचं ॲप टाकलं की कुठलाही टीव्ही आपलं ऐकतो. एवढं मोठं सुख माणसाला म्हातारपणी मिळू नये!

भुसावळचे एक रिटायर गार्डसाहेब टीव्ही बघायला आले. बोलायला लागले की थांबेनात. "घाटात एकदा गाडीसमोर वाघ उभा राहिला. मी शिट्टी मारली, वाघ बाजूला!"

मी खिशातल्या खिशात बटण दाबलं. टीव्ही बंद.

मधूने पिन हलवली, टीव्ही लावला. साहेब पुढे चालू. "मोठ्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर सॅल्यूट केला होता!"

टीव्ही बंद.

मी गंभीर तोंड करून म्हटलं, "साहेब, नवीन मॉडेल आहे. खोटं बोललं की बंद पडतो."

साहेब हसले. मग जरा घाबरून म्हणाले, "माझं नाव नारायण." टीव्ही चालू. "मी भुसावळला राहतो." चालू. साहेबांनी तोच टीव्ही घेतला! म्हणाले, घरी सुनेला उपयोगी पडेल. नानासुद्धा त्या दिवशी हसले. अक्का गेल्यानंतर पहिल्यांदा.

महिन्याने साहेब उगवले. "अप्पा, घरीपण बंद पडतो हो."

"घरी कसा पडेल? घरी मी..." मी जीभ चावली.

सलीम भुसावळला जाऊन सगळं तपासून आला. वायर ठीक, वीज ठीक, टीव्ही ठीक. मी साहेबांना विचारलं, "नेमका कधी बंद पडला?"

"मिसेसने विचारलं, माझ्याशी लग्न करून सुखी झालात ना? मी म्हटलं, हो."

"मग?"

"टीव्ही चालू आहे आता. ती बोलत नाही."

* * *

धुळ्याच्या बसस्टँडजवळ एक लॉज आहे. मालकाचं सासर फैजपूरचं, म्हणून टीव्ही मधूकडून घेतला. मधू त्याला घसा फोडून सांगत होता, "शेठ, ओएलईडीवर सीसीटीव्ही लावू नका. एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं की पडद्यावर छापलं जातं, मग पुसत नाही." शेठने काउंटरवर नेमकं तेच लावलं.

वर्षाने शेठ टीव्ही गाडीत घालून आले. "डाग पडलेत, बघा."

मधूने पडदा सगळा पांढरा केला. आम्ही चौघंही जवळ गेलो. फिकट, राखेने काढल्यासारखं चित्र. लॉजचा वरचा पॅसेज. जिना, पाण्याचा माठ, खोल्यांची दारं. ओळखू येण्याइतकं स्वच्छ. कोपऱ्यातल्या दाराशी एक उभी आकृती. डोकं, खांदे, खाली सोडलेले हात.

"हे काय आहे? कपडे अडकवायचा स्टँड का?" मधूने विचारलं.

"तिथे स्टँड नाही."

"अहो, येणारी-जाणारी माणसं छापली जात नाहीत. जे हलत नाही तेच छापलं जातं. माठ हलला नाही म्हणून माठ आला. हे जे काही आहे, ते महिनोन्‌महिने तिथून हललेलं नाही."

शेठ पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मला वाटलं, आता देवाचं नाव घेतील. ते म्हणाले, "मधूभाऊ, आज सकाळी मी त्याच दारापाशी उभा होतो. तिथे कुणी नव्हतं."

"मग बरंच आहे की!"

"बरं कसलं? वर्षभर हलला नाही, तो आता गेला कुठे?"

गाडी निघाली तेव्हा शेठ ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागे टीव्हीशेजारी बसले, त्याच्यावर नजर ठेवून. नानांनी एवढंच विचारलं, "मधू, माणूस छापायले किती दिवस एका जागी बसलं पाहिजे?" मधू वायरी गुंडाळायला लागला. मीही चेष्टा केली नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

* * *

सलीमचा किस्सा त्याच्याच तोंडून ऐकायला पाहिजे. पण तो सांगताना आजही मध्येच गप्प होतो, म्हणून मी सांगतो.

यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात नेट बंद पडलं. फायबर कुठेतरी तुटलेलं. अशा वेळी सलीम एका टोकाला लाल उजेडाचं पेन लावतो. वायर जिथे तुटली असेल तिथून लाल उजेड बाहेर सांडतो. एरवी फायबरमधून जो उजेड जातो तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

सलीम पेन लावून निघाला. वायरीच्या मागे मागे, बांधाबांधाने. एका सागाच्या बुंध्याशी लाल ठिपका चमकत होता. जवळ जाऊन बघतो तर तुटलेल्या टोकाला हळद-कुंकू, पुढे फोडलेला नारळ, ताजी फुलं. शेजारी एक म्हातारी बाई बसलेली.

सलीमला हसू आलं. "आजी, हे देव-बिव नाही. हा माझा उजेड आहे. माझ्या पेनाचा."

"तुना शे का?" आजीने त्याला नीट न्याहाळलं. "मंग इतला दिन काबरं नही उना तू? रोज पडस हाऊ उजेड. आम्ही बठ्ठा रोज पाहतस."

"इतके दिवस का नाही आलो? आजी, मी तर पेन आजच लावलं. रोज कसा पडेल?"

आजीने खांदे उडवले. सलीमने घाईघाईने जोड मारला, डबी बंद केली. ठिपका गेला. निघताना त्याला वाईट वाटलं, म्हणाला, "माफ करा आजी, आता उजेड येणार नाही."

"येई," आजी म्हणाली. "तू जा पहिले."

मी त्याला विचारलं, "मग तू वळून बघितलंस का?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

* * *

मधूने बोलून चालवायचा रिमोट आणला. बटण दाबून धरायचं, पडद्यावर 'बोला' येतं, आपण बोललो की तेच शब्द खाली उमटतात. माझी तर दिवाळी! मी बोललो, "मधूच्या बायकोला मधू आवडतो का?" पडद्याने मला लग्नाच्या साड्या दाखवल्या.

"नाना, तुम्ही बोला काहीतरी," मधू म्हणाला.

नानांनी रिमोट हातात घेतला. बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'बोला.' नानांना काही सुचेना. नुसते बटण दाबून, तोंड मिटून बसलेले. दुकानात गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर दुपारचं ऊन, पंखा तेवढा फिरतोय.

खाली अक्षरं उमटली. 'चहा ठेवू का'

मधूने माझ्याकडे बघितलं. सलीमने माझ्याकडे बघितलं.

"मी नाही!" मी म्हटलं.

"अप्पा, हद्द झाली तुमची," मधू दातओठ खाऊन पुटपुटला. "चेष्टा कुणाची करावी, काही आहे की नाही?"

"अरे, देवाशपथ! माझा मोबाइल बघ. घरी चार्जिंगला आहे."

कुणी विश्वास ठेवीना. आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवल्या की एक दिवस वाऱ्याने टोपी उडाली तरी लोक तुमच्याच हाताकडे बघतात. मी शपथा घेतोय, मधू मला शिव्या घालतोय, तेवढ्यात नानांनी रिमोट हळूच काउंटरवर ठेवला आणि मोटारसायकलची किल्ली काढली.

"नाना, कुठे निघालात? अजून ऊन आहे."

"घरी," नाना म्हणाले. "चहा थंडा होऊन जाईन ना."

* * *

आणि मग प्रवीण स्वतःच पुण्याहून आला. पोरगा वाईट नाही. दुकानात आला, आम्हा तिघांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबा सकाळी त्या टीव्हीसमोर बसतात. काही लावत नाहीत. आईचं नाव उघडतात आणि नुसते बघत राहतात. शेजारी मला फोन करतात. मला भीती वाटते हो. हे काढून टाकू या. तुम्ही बरोबर चला, तुमचं ऐकतील." त्याने ओएलईडी घेतला. सलीमने नवीन फायबरचं सामान घेतलं. दुपारी आम्ही सगळे नानांच्या घरी.

नाना भांडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "काढ. पण आधी पाहून घे, काय काढू ऱ्हायला ते."

त्यांनी जुना टीव्ही लावला. 'सुमन'चा गोल दाबला. आत 'पुढे पाहा'खाली एकच मालिका, आणि चित्राखाली ती बारीक लाल रेघ, कुठवर बघून झालं ते सांगणारी.

"तुही माय दवाखान्यात गेली तवा या मालिकेत सुनेचं लग्न लागत होतं," नाना म्हणाले. "आता त्या सुनेच्या पोरीचं लग्न हाये."

प्रवीणला कळेना. "म्हणजे तुम्ही बघता, बाबा?"

"मी तिच्या नावाले हात लावून फक्त उघडतो. चालू करत नाही. सकाळी पाहतो रेघ कुठी हाये. दुपारी मी बाहेर जातो. संध्याकाळी येतो तर रेघ पुढे." नानांनी रिमोट खाली ठेवला. "मी घरात असलो का ती पाहत नाही. आधीपासूनच तसं हाये. मी केळीचे भाव लावतो ना मधीच. म्हणून तर दुकानात जाऊन बसतो रोज. तिले तेवढं मोकळं घर भेटते."

मधूने बसल्या जागी तोंड पुसलं. मला आठवलं, ती चहाची दुपार सोडली तर नाना आमच्या बाकावर कधी पंधरा मिनिटं बसून उठले असं नाही. नेहमी मालिकेचे चार-पाच भाग बघून होतील एवढा वेळ.

प्रवीण माझ्याकडे वळला. लाल झालेला. "अप्पा, हे तुमचं काम आहे. पुरे झालं आता. मोबाइल द्या."

मी मोबाइल दिला. त्याने बंद करून स्वतःच्या खिशात घातला. "पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?" त्याने विचारलं. कुणाकडेच नव्हता. त्यानेच कधीतरी टाकला होता, त्यालाही आठवत नव्हता.

मग त्याने रिमोटने 'सुमन' काढून टाकलं. 'नक्की काढायचं?' पडद्याने विचारलं. त्याचा अंगठा जरा थांबला. नाना म्हणाले, "कर बेटा." त्याने केलं. सलीमने जुनी वायर कापली. जुना टीव्ही आम्ही उतरवून पडवीत ठेवला.

नवीन लागला. भला मोठा, काळाभोर. नवीन नेट, नवीन कंपनी, नवीन खातं, प्रवीणच्या नव्या नंबरवर. 'कोण बघतंय?' सलीमने एकच गोल केला. 'वसंत'.

"आता बघा, बाबा," प्रवीण म्हणाला. "सगळं कोरं आहे. तुम्हाला काय आवडतं ते लावा. शेतीचं आहे, कीर्तन आहे."

त्याने गोल दाबला. कोऱ्या खात्यात वर काही असायला नको होतं. 'पुढे पाहा'. एकच चित्र. मुंडावळ्या बांधलेली पोरगी. खाली लाल रेघ, जवळजवळ शेवटाला टेकलेली.

सलीमने प्रवीणच्या खिशाकडे बघितलं. माझा मोबाइल तिथेच होता. मी दोन्ही हात वर केले. कुणी हसलं नाही.

नाना पडद्याकडे बघत होते. मग उठले. खुंटीवरची टोपी घातली, चपला पायात सरकवल्या.

"चला रे भो," ते आम्हाला म्हणाले, "बाहेर बसू. थोडंसंच ऱ्हायलंय तिचं."

आम्ही एकेक करून बाहेर पडलो. मधू, सलीम, मी. प्रवीण सगळ्यांत शेवटी. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. मग परत आत गेला, आणि पंखा लावून आला.